छतातले सहा दिवे

"भिंतीपासून तीन फूट चार इंच," शिडी धरून उभा असलेला दादा म्हणाला. "मी स्वतः मोजलंय."

"खुर्चीच्या कुठल्या भागापर्यंत?" वायरमनने वरून विचारलं.

"कुठल्या म्हणजे?"

"पाठीपर्यंत, का पुढच्या पायांपर्यंत? माणूस काही पाठीला चिकटून शिवत नाही, साहेब."

दादाने टेप पुन्हा ओढली. सकाळपासूनची ही चौथी वेळ. पहाटेच्या गाडीने तो आणि वहिनी आले होते, आणि चहाचा कप हातात असतानाच त्याने मोजायला सुरुवात केली होती. छोटी भिंतीला टेकून बघत होती. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती छोटीच होती, आणि एरवी तिला ते सोयीचंच वाटायचं, कारण छोटीला कुणी काही ठरवायला सांगत नाही. पण हे दिवे तिच्या डोक्यातून निघाले होते. त्यामुळे आज सुटका नव्हती.

बाहेरच्या खोलीतलं सामान मधोमध ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. जागेवर राहिल्या होत्या दोनच वस्तू: आईची उंच पाठीची लाकडी खुर्ची आणि खिडकीपाशी अप्पांचं बुटकं स्टूल. "त्या दोघांना हात लावायचा नाही," आईने बजावलं होतं. वर नवं छत गेल्याच आठवड्यात बसलं होतं, पांढऱ्या पाट्यांचं, जुन्या छतापासून साडेचार इंच खाली. त्यात आज सहा गोल भोकं पाडून सहा दिवे आत बसवायचे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, उजेड भरपूर हवा, पण तो डोळ्यांत घुसायला नको. भिंतीवरची ट्यूबलाइट नेमकी डोळ्यांत घुसायची. छतात खोल बसवलेल्या दिव्याचा गोळा बसल्या माणसाला दिसत नाही, उजेड तेवढा खाली येतो. छोटीने हे तीन संध्याकाळी बसून वाचलं होतं आणि मग दादाला फोन केला होता.

दादाने नुसता होकार दिला नव्हता. त्याने अट घातली होती.

"लावून बघू," तो म्हणाला होता. "त्या उजेडात आईने माझ्यासमोर एक रफू करून दाखवलं, तर ती आणि अप्पा इथेच राहू देत. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर महिनाअखेर माझ्याकडे यायचं. खोली रिकामीच आहे. पडदे तेवढे लावायचेत."

आई त्यावर फोनवर "बरं" म्हणाली होती. तिचं बरं म्हणजे कधी हो असायचं, कधी पुरे असायचं. शेहेचाळीस वर्षं ती रफू करत आली होती. खालच्या मजल्यावरचा ड्रायक्लीनिंगवाला भोक पडलेले कोट, जळलेल्या पँटी, कसर लागलेल्या शाली वर पाठवायचा आणि तीन दिवसांनी त्या धड होऊन खाली जायच्या. या गल्लीत तिला नावाने कुणी ओळखत नव्हतं. सगळे रफूवाल्या बाईच म्हणायचे. दादाच्या बाराव्या मजल्यावर ती कोण असणार होती, हे कुणी बोललं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

"असं करू," वायरमन खाली उतरत म्हणाला. त्याचा उजवा गुडघा प्रत्येक पायरीला कटकन वाजत होता. "भोक पाडायच्या आधी दिवा नुसता धरून दाखवतो. एकदा पाडलं की पाडलं. छताला काही रफू करता येत नाही."

सकाळपासून पहिल्यांदाच कुणी हसलं. अप्पा. स्टुलावर बसल्या बसल्या, तोंडातल्या तोंडात.

वायरमनने लांब वायरला दिवा जोडला, पुन्हा वर चढला आणि दादाच्या पेन्सिलच्या खुणेवर तो धरला. उजेडाचा रंग ठरवायला आदल्या दिवशी दुकानात छोटीचे दोन तास गेले होते. तिने बरोबर दोन रिळं नेली होती, एक काळं आणि एक गर्द निळं, आणि प्रत्येक दिव्याखाली ती शेजारी शेजारी धरून बघितली होती. पिवळट दिव्याखाली दोन्ही काळी दिसली. स्वस्त पांढऱ्याखालीही काळीच. दुकानदार शेवटी म्हणाला होता, "ताई, घर उजळायचंय का दोरा विकायचाय?" सातव्या दिव्याखाली निळा निळा दिसला. तिने त्याच जातीचे सहा घेतले.

"आई, बस बघू खुर्चीत," ती म्हणाली.

आई बसली. छोटीने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं उजेड मोजायचं यंत्र आईच्या मांडीवर ठेवलं. सहाशे दहा.

"वा," दादा म्हणाला.

"आता वाक. शिवताना वाकतेस तशी."

आई वाकली. तिच्या डोक्याची सावली मांडीवर पडली आणि आकडा घसरत गेला. एकशे चाळीस.

"अर्र," दादा म्हणाला. "आई, कसं वाटतंय? पुरतंय?"

"छान आहे," आई म्हणाली.

छोटी यंत्राकडे बघत राहिली. आकड्यात चूक नव्हती. चूक आईच्या बोलण्यात होती. लहानपणी या खोलीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल तर ते "उजेडातून सर." पाठीमागून जाताना नुसती कोपराची सावली कापडावर पडली तरी आई मान वर न करता म्हणायची, उजेडातून सर. पाहुण्यांना म्हणायची, ड्रायक्लीनिंगवाल्याला म्हणायची, एकदा तर घरमालकाला म्हणाली होती. आणि आज स्वतःच्याच डोक्याने तिच्या मांडीवर अंधार केला होता, तरी म्हणत होती छान आहे.

"दीड फूट पुढे घेऊ," दादा वायरमनला सांगत होता. "म्हणजे उजेड समोरून येईल."

"घेऊ की," वायरमन म्हणाला. पण तो छताकडे बघत नव्हता. तो वाकून फरशीकडे बघत होता.

*

दादा फोन घ्यायला जिन्यात गेला तेव्हा वायरमनने छोटीला हाताने जवळ बोलावलं.

"ताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"मी कुठल्याही घरात आधी खाली बघतो, मग वर. लोक सांगतात एक आणि बसतात दुसरीकडेच. सोफ्यावर दिवा मागतात आणि आयुष्य जेवणाच्या टेबलापाशी काढतात. फरशी खोटं बोलत नाही." त्याने आवाज खाली घेतला. "हे काम नक्की कोण करतं?"

"म्हणजे?"

"बघा तुम्हीच."

छोटीने बघितलं. आईच्या खुर्चीखाली फरशी स्वच्छ होती. तिथून दोन हातांवर, अप्पांच्या स्टुलाभोवती, फरशीच्या सांध्यांमध्ये धाग्यांचे तुकडे अडकले होते. राखाडी, तपकिरी, निळे, नखाएवढे आखूड. रोज झाडूनही सांध्यात राहतात तेवढे. स्टुलाच्या उजव्या बाजूला एक छोटी कात्री खिळ्याला टांगली होती. आईची कात्री. छोटीला ती तिथे टांगलेली दिसत होती, निदान वर्षभर तरी दिसत होती, आणि तिने एकदाही विचार केला नव्हता.

अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. गिरणीत फिटर म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. बोटं पान्यांसारखी. त्यांचा डावा हात गुडघ्यावर उताणा होता आणि तर्जनीचं टोक बारीक बारीक टोचलेलं होतं, जुन्या चाळणीसारखं.

"अप्पा," ती जवळ बसत म्हणाली. "कधीपासून?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. "पावणेदोन वर्षं," ते म्हणाले. "पहिले सहा महिने नुसतं वाटोळं केलं. तुझी आई उसवायला लावायची. परत घाल, परत घाल. फिटरला कधी एवढं कुणी झापलं नव्हतं."

"तिला अजिबात दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं. भोकाकडे बघितलं की भोकच नाहीसं होतं." त्यांनी हात उलटा करून झाकला. "तिचं बोट फिरतं आणि ती सांगते, माझा हात चालतो. दादाला सांगू नकोस. आईने शपथ घातलीय मला."

"पण संध्याकाळी तो तिच्या हातात कापड देणार आहे."

"माहीत आहे," अप्पा म्हणाले. "मला रात्रभर तेच माहीत आहे."

जिन्यात दादाच्या बोलण्याचा आवाज थांबला आणि लगेच त्याचा दुसरा फोन वाजला. छोटी उठली. डोक्यात दोनच गोष्टी एकमेकींना धडकत होत्या. दादाला सांगितलं, तर आजच निकाल लागला. नाही सांगितलं, तर सहाही दिवे चुकीच्या माणसाच्या डोक्यावर बसणार होते.

*

स्वयंपाकघरात वहिनी चहाचे कप पुसत होती आणि सासूकडे बघत होती. बघायचं म्हणून नव्हे. दमलेल्या माणसाची नजर एका ठिकाणी पडली की तिथेच राहते, तशी.

सासूबाईंनी कप ओळीने मांडले. प्रत्येक कपाच्या आत कडेला एक बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने चहा ओतला आणि बोटाला चटका लागला की हात थांबवला. असे पाच कप. एकही थेंब बाहेर नाही. पाचव्या वेळी त्यांनी बोट तोंडात घातलं.

वहिनीला हे ओळखीचं होतं. तिच्या स्वतःच्या आईचं शेवटचं वर्ष असंच गेलं होतं, घरातल्या त्याच, आता रिकाम्या खोलीत. तीन वर्षं ती खोली रिकामी नव्हती. औषधांचा वास भिंतींना रंग देऊनही गेला नव्हता. गेल्या वर्षी ते सगळं संपलं तेव्हा ती तीन आठवडे नुसती झोपली होती. आणि मग एके दिवशी जेवताना नवरा म्हणाला होता, "खोली रिकामीच आहे, आईअप्पांना आणू या." चांगल्या मनाने म्हणाला होता. म्हणूनच तिला नाही म्हणता आलं नव्हतं. ती नुसती म्हणाली होती, "पडदे बघायला हवेत." त्याला आता चार महिने झाले.

छोटी आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. या दोघींचं फारसं जमत नसे. छोटी कायम मोजत असायची आणि वहिनी कायम टाळत असायची. मागच्या भेटीत तर कुकरच्या शिट्ट्यांवरून वाजलं होतं.

"आई, तू बाहेर चहा घेऊन जा," छोटी म्हणाली.

"मला घालवू नका. मी म्हातारी आहे, बहिरी नाही," आई म्हणाली, पण ट्रे उचलून गेली. दारातून जाताना तिचा खांदा चौकटीला अगदी पुसटसा लागला, वाट शोधून घेतल्यासारखा.

छोटीने चार वाक्यांत सांगितलं. फरशी, कात्री, बोट, शपथ.

वहिनीने फडक्याने ओटा एकदा पुसला. मग म्हणाली, "तू मला का सांगतेयस? तुझ्या भावाला जाऊन सांगेन मी."

"सांगा. पण मला वाटलं, तुम्हीही दमला असाल."

या वाक्याने वहिनीला एकदम स्टुलावर बसावंसं वाटलं. गेल्या वर्षभरात हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणाले होते, किती केलंस गं आईचं. दमलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"हे बघ," ती म्हणाली, "मी काही फार थोर नाही. ते दोघं आमच्याकडे आले तर मी करेन. नीट करेन. पण मला नकोय. ऐकून घे एकदा, परत मी बोलणार नाही. मला नकोय."

"ऐकलं."

"आणि त्यांनाही नकोय. मग तिथे येऊन कोण सुखी होणार? तुझा भाऊ. त्याच्या मनावरचं ओझं उतरेल म्हणून." तिने फडका झटकला. "दिवे कुठे हवेत?"

"दोन स्टुलावर. म्हणजे डोक्यावर नाही, खिडकीच्या बाजूने थोडे पुढे आणि डावीकडे. अप्पा उजव्या हाताने शिवतात, नाहीतर हाताची सावली पडेल."

"आणि यांना काय सांगायचं?"

"वर छताची लोखंडी पट्टी आडवी येते म्हणून सरकवले, असं वायरमन सांगेल."

बाहेर वायरमन मात्र अडला. "मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही," तो म्हणाला, "तीस वर्षांत बोललो नाही." मग त्याने पाटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. एकदा पोकळ वाजलं, एकदा भरीव. पुन्हा एकदा भरीव. त्याच्या तोंडावर हसू आलं. "पण पट्टी खरंच आहे इथे. साहेबांच्या दीड फूट पुढच्या खुणेवर बरोब्बर पट्टी आहे."

"मग सरकवावंच लागेल," वहिनी म्हणाली.

"सरकवावंच लागेल, बाई."

दादा जिन्यातून आला तेव्हा गोल करवत घरघरत होती आणि पांढरी भुकटी अप्पांच्या स्टुलावर पडत होती.

"हे इकडे कुठे?" तो ओरडला.

"पट्टी आली," तिघं एकदम म्हणाले.

*

पाच वाजता पाच दिवे लागले. सहावा, आईच्या खुर्चीसमोरचा, जरा लुकलुकून मग स्थिर झाला. वायरमनने हत्यारं गोळा केली, चहा नको म्हणाला, आणि दारात थांबून अप्पांना सांगून गेला, "खिडकीकडचे दोन्ही दिवे बोटाने कलतात, आजोबा. हवे तसे वळवून घ्या." दादाला ते विचित्र वाटलं. अप्पांना कशाला? पण विचारायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

त्याचा दिवस सगळा मोजण्यात गेला होता आणि तरी काही मापात बसलं नव्हतं. आज परत जायचं होतं, उद्या कामावर. आईअप्पा इथे एकटे असताना प्रत्येक वेळी फोन वाजला की तो हातातलं टाकून धावायचा, यांचाच असणार म्हणून. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं की छोटी आकडे काढायची आणि बायको गप्प बसायची.

आणखी एक गोष्ट होती, ती तर त्याने कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, अप्पा जिन्यात पडले तेव्हा, तो धावत आला होता आणि त्याच जिन्यात उभं राहून म्हणाला होता, "तुमच्यामुळे माझी एक सुटी धड जात नाही." आईने ते ऐकलं होतं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची, वाढायची, चौकशी करायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. कायम नजर बाजूला. भिंतीकडे, दाराकडे, त्याच्या खांद्यावरून मागे. आधी त्याला वाटलं भास आहे. मग तो लक्ष ठेवू लागला. नऊ भेटींत एकदाही नाही. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून माणूस आपल्या मुलावरून नजर फिरवत नाही. राग आहे तो, आणि रास्त आहे, असं त्याने स्वतःशी धरून टाकलं होतं. त्यांना घरी न्यायचं होतं ते त्यासाठीही. रोज समोर असलं की कधीतरी बघेल.

त्याने पिशवीतून स्वतःचं राखाडी जाकीट काढलं. कोपराला कसरीने पाडलेलं भोक होतं, मुगाच्या दाण्याएवढं.

"आई, हे घे."

"आत्ता?" छोटी म्हणाली. "सगळे दमलेत. उद्या..."

"उद्या मी नाहीये."

"अहो, चहा तरी होऊ दे," वहिनी म्हणाली.

"झाला की चहा पाच वेळा!" त्याचा आवाज चढला आणि लगेच त्यालाच त्याची लाज वाटली. "मी काही परीक्षा घेत नाहीये. पण ठरलं होतं ना? सगळ्यांनी ठरवलं होतं ना?"

आईने हात पुढे केला. जाकीट मांडीवर घेतलं आणि तिचं बोट बाहीवरून निघालं, शिवणीवरून घसरत कोपरापाशी आलं आणि भोकावर थांबलं. एकदाच गोल फिरलं. "उभे अकरा धागे गेलेत," ती म्हणाली. "आडवे नऊ. दहावा अर्धा आहे."

दादाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. हरायला तो तयार होता.

आईने सुई घेतली. दोरा आधीच ओवलेला होता. तिने बोट भोकाच्या कडेला टेकवलं आणि सुई नेली. सुई बोटाला लागली. पुन्हा नेली. छोटीने नजर फिरवली. वहिनीने टेबलावरचा कप उचलला आणि रिकामा असूनही तोंडाला लावला. अप्पा उभे राहिले होते, हात पाठीमागे, मालकासमोर उभ्या कामगारासारखे.

तिसऱ्या वेळी सुई कापडात गेली, पण भोकापासून चांगली दोन बोटं लांब. आईने ती काढली. जाकीट घडी केलं, फार काळजीपूर्वक, जणू कामच ते होतं.

"अहो," ती म्हणाली. "बसा तुमच्या जागेवर."

"अगं, पण..."

"बसा. कंटाळा आला मला. पावणेदोन वर्षं खुर्चीत बसून बाहुली झाले नुसती. खालच्याकडचा माणूस जिना चढला की तुमच्या हातातलं कापड माझ्या मांडीवर, तो गेला की परत तुमच्याकडे. या वयात एवढी धावपळ सोसत नाही."

अप्पा स्टुलावर बसले. जाकीट घेतलं. आतल्या शिवणीतून राखाडी धागा त्यांनी लांब, न तोडता ओढून काढला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि छताकडे बघितलं. मग उठून दिव्याची कडा बोटाने जराशी वळवली. परत बसले. आईने खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावला आणि तर्जनी भोकाच्या काठावर ठेवली.

"खालून घ्या. एक सोडून एक."

"माहीत आहे."

"माहीत असतं तर मघाशी ताणलं नसतं. सैल. अजून सैल. हां."

दादा उभा राहून बघत होता. पान्यांसारखी ती दोन बोटं सुई अशी धरत होती की सुई दिसतच नव्हती. आईचं बोट एक धागा पुढे सरकायचं, अप्पांची सुई एक धागा पुढे यायची. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. पाच धागे झाले, सहा झाले. दादाला आठवत होतं ते आईचं एकटीचं काम, झरझर, मान खाली. हे त्याच्या निम्म्याने हळू होतं. पण भोक बुजत होतं.

"तुला माहीत होतं," तो छोटीला म्हणाला.

"सकाळी अकरापासून."

"आणि तुला?"

"साडेअकरा," वहिनी म्हणाली.

"पट्टी."

"पट्टी खरंच होती," दोघी म्हणाल्या.

तो टेबलाच्या कडेला टेकला. भांडायला हवं होतं, शब्दही तयार होते: दिसत नाही तर जिना कसा उतरते, गॅस कसा पेटवते, आजारी पडलीस तर. सगळे प्रश्न बरोबर होते आणि उद्याही बरोबर राहणार होते. पण अट त्याचीच होती. एक रफू, या उजेडात, माझ्यासमोर. कुणाच्या हाताने, हे त्याने म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायची त्याला इच्छा उरली नव्हती.

"त्या खोलीच्या पडद्यांचं माप दिलंयस ना तू?" त्याने बायकोला विचारलं. "राहू दे म्हणून सांग."

"दिलंच नाहीये," वहिनी म्हणाली.

"चार महिने?"

"चार महिने."

त्याने मान हलवली. हसायचं की काय करायचं ते त्याला कळेना. "दर आठवड्याला कुणीतरी येईल," तो म्हणाला. "छोटी नाहीतर मी. आणि जिन्याला दुसरा कठडा बसवायचा. हे तरी ऐका."

"बरं," आई म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. म्हणजे त्याच्याकडे नाहीच. ती बघत होती त्याच्या डाव्या कानाच्या पलीकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे.

आज मात्र त्याला राहवलं नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "जिन्यातलं बोलणं अजून मनात आहे ना तुझ्या? ते तोडून बोलणं. रागाव हवं तर. पण एकदा माझ्याकडे बघून रागाव."

"कसलं बोलणं?" आई म्हणाली. "आणि बघतेच आहे की. दाढी केलेली नाहीस आज. कानाशी पांढरे झालेत. तुझ्या वडिलांना पण आधी तिथेच झाले होते."

"घड्याळाकडे बघतेयस तू."

"हो. तुझ्याकडे बघितलं की तू जातोस. मधलं सगळं पुसतं. जरा बाजूला बघितलं की कडेला येतोस, तेवढाच दिसतोस." ती घड्याळाकडे बघत होती आणि बोलत होती त्याच्याशी. "दोन वर्षं असंच बघतेय तुला. आल्यापासून जाईपर्यंत. डोळ्यांखाली काळं झालंय का रे, का उजेडच नाही पुरत?"

नऊ भेटी त्याच्या डोक्यातून एकेक करून उलट्या गेल्या. भिंत, दार, खांद्याच्या मागची खिडकी. प्रत्येक वेळी ती त्याला बघत होती.

तो टेबलावरून उठला आणि दोन पावलं पुढे आला, दिव्यांच्या खाली.

"असं नको," आई म्हणाली. "वरून पडतोय उजेड, डोळ्यांचे खड्डे झाले नुसते. तोंड वर कर."

त्याने तोंड वर केलं. पन्नाशीला आलेला माणूस, पांढऱ्या छताकडे बघत, उंची मोजायला उभ्या केलेल्या मुलासारखा. दिवा आत खोल असल्यामुळे डोळ्यांवर येत नाही, असं छोटीने वाचलं होतं. तोंडच वर केलं की येतो. त्याचे डोळे भरून वाहायला लागले आणि त्याने ते पुसले नाहीत.

खाली स्टुलावर सुई थांबली. राखाडी कापडावर, सातव्या धाग्यापाशी, एक मोठी सावली येऊन पडली होती.

"ए, उजेडातून सर," अप्पा मान वर न करता म्हणाले.

"सरू नकोस," आई म्हणाली. "तिथेच थांब जरा."